थिसलवेलची घंटा हर्नडनला वाजते

मी घंटा बोलतेय. हसलात? हसा, मला सवय आहे.

जन्म इंग्लंडातला, थिसलवेल नावाच्या चिमुकल्या बाजारगावातला. टांगलं शाळेसमोर, पण मी शाळेची नव्हे, बाजाराची. त्यामुळे माझं शिक्षण खिडकीतून ऐकू आलं तेवढंच. दर बुधवारी मी वाजले की बाजार उघडायचा. त्याआधी कुणी एक अंडं जरी विकलं, तर टोपली जप्त! लोकरीचा बडा व्यापारी असो की लोणी विकणारी म्हातारी, घंटा सगळ्यांना एकच. गाव मोठं मजेशीर. सहा दिवस एकमेकांशी फक्त पावसापाण्याचं बोलायचे आणि बुधवारी एका कोबीवरून घसा बसेपर्यंत घासाघीस! मीही कमी नव्हते. वारा सुटला की एखादा टोल आधीच हाणायचा आणि लोकांची पळापळ बघायची.

पुढे रेल्वे शेजारच्या गावाला गेली, मोटारी आल्या, बाजार आटला. एका अमेरिकन पाहुण्याने मला उचललं आणि व्हर्जिनियात आपल्या गॅरेजमध्ये टांगलं. सोबतीला एक मोडकं लॉनमोअर. बोलायची सोय नाही.

१९८४ साली तिथल्याच हर्नडन गावच्या चंद्रशेखरकाकांनी मला गॅरेज सेलमधून आणलं. "देवळाची घंटा मिळाली!" म्हणून नाचले. त्यांच्या रुपालीने माझ्या अंगावरची अक्षरं वाचली. "डॅड, इट्स अ मार्केट बेल. ही वाजायच्या आधी काही विकायचं नाही."

"मग तर उत्तमच! मंडळाला शिस्त लागेल."

मराठी मंडळाचा पहिला खाऊबाजार शाळेच्या जिममध्ये भरला. मला दारात टांगलं. काकांचा नियम: अकराला घंटा, मग विक्री. मधलं ऐसपैस टेबल प्रतिमाकाकूंचं. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ सुचित्रामावशी, कडबोळ्यांचा डबा घेऊन. बिचारी वर्षभर बहिणीकडे, ना इंग्रजी ना ड्रायव्हिंग. "आज खपलं नाही तर हा खटाटोप बंद," असं भावोजींनी बजावलेलं.

पावणेअकराला नरेंद्रराव आले. चपला काढल्या, मला पाहिलं, ठण्ण! आणि हात जोडले. मागचेही तसेच. ठण्ण! ठण्ण!

सुचित्रामावशीने झाकण उघडलं. खमंग वास सुटला, लोक तिथेच थबकले.

"अहो, अजून अकरा कुठे वाजलेत?" प्रतिमाकाकू ओरडल्या. "माझे वडे गाडीच्या ट्रंकमध्येच आहेत!"

"नरेंद्रराव, काय केलंत हे!" काका धावत आले.

"घंटा दिसली, वाजवली. न वाजवता आत कसा येऊ?"

सगळे गोंधळलेले. तेवढ्यात एरवी तोंडातून शब्द न काढणारी सुचित्रामावशी म्हणाली, "काका, नियम तुमचाच ना? घंटा वाजली की विक्री."

काकांनी पाकीट काढलं. अकराला डबा रिकामा. साडेअकराला भावोजी उगवले.

"मला एखादं ठेवलं नाहीस?"

"पुढच्या महिन्यात या, भावोजी. रांगेत उभे राहा."

आता ती स्वतः ड्राइव्ह करून येते. आत शिरताना पहिला टोल तीच हाणते, चांगली पंधरा मिनिटं आधी, आणि वर भक्तिभावाने हातही जोडते! तेव्हा मंडळी, लवकर या. उशिरा आलात तर मी हसणार, आधीच सांगून ठेवते.