कोडं गावात कोणी आणलं

घाटात ती येऊन बसली त्याला दीडेक वर्ष होऊन गेलं होतं. धनगरांनी तिला दुरून पाहिलं होतं: अंग सिंहिणीचं, तोंड बाईचं. तिचं नाव घ्यायचं नाही हे आमच्या गावात कोणी न सांगताच ठरलं होतं. नुसतं 'ती' म्हटलं की पुरे. थीब्ज शहराला जायचा जवळचा रस्ता तिच्या पुढ्यातून जायचा. येणाऱ्याला ती कोडं घालायची आणि उत्तर चुकलं की फाडून खायची.

कोडं सगळ्यांना तोंडपाठ होतं. झऱ्यावर घागरी भरताना आम्ही बायकाही ते घोळवत बसायचो: असं काय, जे ज्याचं असतं त्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याचं ते नसतं?

पुजाऱ्याचा भाचा एउफोर्बोस तर झऱ्यावर उभा राहून ओरडून सांगून गेला, "स्वतःचा चेहरा! एवढ्याशा कोड्याला घाबरता होय रे?" जिंकून आल्यासारखी लॉरेलच्या पानांची माळ डोक्यावर घालून तो वर गेला. धनगरांना त्याची एक चप्पल तेवढी मिळाली. आयत्या वेळी भीतीने बोबडी वळली असेल, असं लोक म्हणाले. त्यानंतरही पोरं जातच राहिली. शेजारच्या गावांतूनही येऊ लागली.

माझी शेजारीण अर्खिप्पे. तिचा नवरा तिमांथेस घाटातच तिच्या तोंडी गेला होता, आदल्या वर्षीच्या द्राक्षांच्या हंगामात. एकदा लोकर धुता धुता ती मधेच थांबली.

"सिमिखे, वर जातो तो मरतो ना?"

"मरतोच. हे काय विचारणं झालं?"

"मग कोडं खाली कोणी आणलं?"

मी हसले. मग हसू आवरलं. लोकर पाण्यावर तरंगत पुढे निघाली होती, तिला धरायचंही मला सुचलं नाही.

"कोणीतरी परत आलंय," अर्खिप्पे म्हणाली. "आणि गप्प बसलंय."

त्या दिवसापासून ती ज्याला त्याला एकच विचारू लागली, तुला कोडं कोणी सांगितलं? कुंभाराच्या बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं. कुंभार डोकं खाजवत म्हणाला, "डेक्सियासने की. द्राक्षं तुडवताना. प्यायला होता आणि रडत होता. भाऊ गेल्याचं दुःख, दुसरं काय?"

डेक्सियास म्हणजे अर्खिप्पेचा दीर. तिमांथेस गेल्यापासून मळा तोच बघत होता. आता हंगाम संपला की वहिनीशी त्याचं लग्न लावायचं, असं घरातल्या म्हाताऱ्यांचं चाललं होतं. माणूस सालस. विहिरीचं पाणीसुद्धा तिला ओढू द्यायचा नाही. पण त्या संध्याकाळी अर्खिप्पे माझ्या दारात आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तिमांथेस गेले त्या दिवशी भावोजींचे गुडघे सोललेले होते. शेळीमागे धावताना पडलो म्हणाले. मीच तेल लावलं गं, या हातांनी. कोण जाणे, तिने मारलं की यांनी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला सोबत नेलं. डेक्सियास मळ्यात वेली छाटत होता. मला आधी त्याच्या हातातला कोयता दिसला.

"भावोजी, ते गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"खालच्या मळ्यात. किती वेळा सांगू, वहिनी?"

"मग कोडं कुठे ऐकलंत?"

"ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला तुमच्यामुळे माहीत झालं. तुम्हाला कोणामुळे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हिला कशाला आणलंत?"

"मला दरीत ढकललंत तर गावाला सांगायला कोणी नको?"

त्याने कोयता खाली ठेवला. तो खाली बसला आणि मातीकडे बघतच बोलू लागला. दोघे भाऊ गाढवावर दारूचे बुधले लादून थीब्जला निघाले होते. गाढवाचा पट्टा सुटला म्हणून डेक्सियास एका खडकाआड थांबला. तेवढ्यात पुढून बाईचा आवाज आला.

"कोडं मी तिथेच ऐकलं. दादा घाबरला नव्हता, वहिनी. विचार करून म्हणाला, 'पाठ. माणसाची पाठ.' ती हसली. मग... मी पळालो. घसरलो, रांगलो, पण पळालो. आणि दारूच्या नादात कोडं बोलून गेलो. नंतर वाटलं, बरंच झालं. कोणीतरी हुशार निघेल, तिला संपवेल आणि मला झोप लागेल."

अर्खिप्पे रडेल म्हणून मी तिचा हात धरला. ती रडली नाही.

"पाठ," ती म्हणाली. "बरोबर आहे की! माझी पाठ मला दिसत नाही. हिला दिसते, पण ती हिची नाही. सिमिखे, कुठे चुकले ते?"

"कुठेच नाही," मी म्हणाले. "पण मग चेहराही बरोबरच आहे."

म्हणजे उत्तर कुठलंही दिलं तरी ती खाणारच होती.

"तिने तुम्हाला पाहिलं होतं?" अर्खिप्पेने विचारलं.

डेक्सियासने मान डोलावली. "नजरानजर झाली. मला वाटलं, पोट भरलं असेल म्हणून सोडलं."

"भावोजी, तिला निरोप्या हवा होता. आधी चुकून एखादा वाटसरू सापडायचा. तुम्ही कोडं खाली आणलंत आणि माणसं आपल्या पायांनी चढायला लागली."

तो तोंड झाकून हमसून हमसून रडला. त्याच्या रडण्यावरही विश्वास ठेवावा की नाही, मला कळेना.

त्याच दिवशी अर्खिप्पेने चौकात सगळं सांगितलं. आपला भाचा फुकट गेला हे ऐकून पुजारी तिच्यावर उखडला. काहींनी डेक्सियासवर दगड उचलले. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे मेले तर बाकीच्या गावांना कोण सांगणार? तिच्या कोड्याला उत्तरच नाही म्हणून?" दगड खाली गेले, पण शिव्या थांबल्या नाहीत.

डेक्सियास गावोगाव फिरला. कुठे हाकलला गेला, कुठे तिचा हेर म्हणून बांधून घातला गेला. तरी तो सांगत राहिला. पोरं वर जायची थांबली. व्यापारी सरोवराकडच्या लांबच्या वाटेने जाऊ लागले. हिवाळ्यात ती मेंढवाड्यापर्यंत उतरली होती. बरगड्या दिसत होत्या, असं धनगर म्हणाले. तिथूनही तिने कोडं घातलं. ते कानांत लोकर कोंबून बसले, कुत्री तेवढी भुंकत राहिली. बर्फ वितळल्यावर मात्र तिचा मागमूस राहिला नाही.

मग म्हाताऱ्यांनी पुन्हा लग्नाचा विषय काढला. अर्खिप्पेने दिराला अंगणात बसवलं, पुढ्यात जवाची भाकर आणि ऑलिव्ह ठेवले.

"तुम्ही त्यांना मारलं नाहीत, हे मला पटलंय," ती म्हणाली. "पण रात्री तुमच्या शेजारी डोळा लागेल, असं काही मला वाटत नाही."

"मलाही नाही लागणार, वहिनी," तो म्हणाला आणि भाकर मोडून खाऊ लागला.