तिवस्याच्या अनसूयाबाई

“उज्मा, सापडलं का काही?” तातडीच्या विभागातून डॉक्टर करिश्मांचा पुन्हा फोन आला.

“शोधून राहिली मॅडम.”

पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत होतं. अमरावतीच्या एका खाजगी दवाखान्यात उज्मा कॉम्प्युटर सांभाळायची. तापानं बेशुद्ध झालेल्या अनसूयाबाईंना शेजाऱ्यांनी तिवस्याहून आणलं होतं. बाई इथल्याच जुन्या पेशंट, एवढंच त्यांना ठाऊक. पेशंट-नंबराचं कार्ड नवऱ्याच्या खिशात. नवरा अकोटला लग्नाला गेलेला, फोन लागत नव्हता.

दवाखान्यात प्रत्येक पेशंटची सगळी माहिती, नावगावापासून न चालणाऱ्या औषधापर्यंत, एकाच बंद गाठोड्यासारखी डेटाबेसमध्ये ठेवलेली. बाहेर फक्त नंबर. नंबर नसला की कॉम्प्युटर लाखभर गाठोडी एकेक उघडून वाचत बसायचा. नाव, गाव, अ‍ॅलर्जी वेगळ्या रकान्यांत काढू, असं उज्मा केव्हाची म्हणत होती. दवाखान्याचे साहेब म्हणत, “चालून राहिलं ना? मंग राहू दे.”

डॉक्टरांना थांबता येईना. त्यांनी इंजेक्शन दिलं. त्यानंतर पडद्यावर नोंद उमटली: पेनिसिलिन देऊ नये. खाली फोन कोणी उचलेना, म्हणून उज्मा जिन्यावरून धावत सुटली. ती पोचली तेव्हा अनसूयाबाईंची छाती दाबणं चालू होतं. थोड्या वेळानं तेही थांबलं.

मग कुणाला न विचारता तिनं काम हाती घेतलं. सगळी गाठोडी उघडून नाव, गाव, अ‍ॅलर्जी रकान्यांत काढली, त्यांना पुस्तकामागच्या सूचीसारखा इंडेक्स लावला. शोध क्षणात लागू लागला. कुणी शाबासकी दिली की ती उठून जायची.

महिन्याभरानं अनसूयाबाईंचे यजमान, कमलाकांत मास्तर, कागद न्यायला आले. कागद मिळाले तरी खिडकीशी उभेच.

“पोरी, तिचं नाव टाकून पाय बरं.”

“राहू द्या ना काका.”

“टाक.”

तिनं टाकलं. बोट उचलायच्या आत पेनिसिलिनची तांबडी ओळ आली. मास्तर पाहत राहिले.

“आता तं लगेच येते.”

“हो काका. आता येते.”

“मंग माह्यं बी टाकून ठेव. मले सल्फाची गोळी चालत नाई. ते तिलेच ठाऊक होतं.”

उज्मानं त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. मास्तर वर्गात सांगावं तसं सावकाश, स्पष्ट सांगत गेले. जवळच्या नातेवाइकाचा रकाना आला, तेव्हा तिनं काही न विचारता पुढचा उघडला.