सारिकाचं टाचण

सारिकाची वही मॅडमच्या टेबलावर गेली की सही होऊनच परत यायची. माझी यायची ती लाल शाईनं न्हाऊन. मी लोणावळ्यातल्याच तुंगार्लीची; अक्षर मोत्यासारखं, तक्ते असे की कुणी भिंतीवरून काढू नयेत. ती वडिवळे गावची, आणि बोलायला लागली की आमचा वर्ग हळूच हसायचा. तरी सही तिलाच. सरळ सांगते, मी जळायचे.

बी.एड.च्या आमच्या तुकडीला सोमवारपासून लोणावळ्यातल्या एका शाळेत सराव पाठ घ्यायचे होते. पाचवीच्या गणिताचा पहिला पाठ मुख्याध्यापक स्वतः बघणार होते, कारण त्यांच्याकडं जूनपासून एक जागा रिकामी होत होती. सविता मॅडम म्हणाल्या, "जिचं टाचण उत्तम, पहिला पाठ तिचा."

टाचणात सगळं आधी लिहायचं असतं: कोणता प्रश्न विचारायचा, मुलं काय उत्तर देतील, आपण पुढं काय म्हणायचं. मुलांची उत्तरं आम्ही मनानंच ठोकून द्यायचो. आमच्या वह्यांतली मुलं कधी चुकत नसत.

शुक्रवारी सारिकानं वही माझ्या हातात दिली. "सृष्टी, जरा बग की. माजं शुद्धलेखन लय कच्चं हाय. उत्तरं मातर शेजारच्या पोरांना इचारून लिवल्यात."

घरी नेऊन वाचली. अपूर्णांकांचा पाठ, साधन भाकरी. तिनं लिहिलं होतं: 'अर्धा मोठा की पाव, असं विचारल्यावर एखादं मूल म्हणेल, पाव मोठा, कारण दोनापेक्षा चार मोठे. त्याला चूक म्हणू नये. विचारावं, भाकरी दोघांत वाटली तर तुला जास्त मिळेल की चौघांत?'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी साधी गोष्ट मला का सुचू नये? मी तिचं शुद्धलेखन तपासलं, अगदी काना-मात्रेसकट, आणि मग सगळं टाचण माझ्या वहीत उतरवलं. भाकरीच्या जागी चिक्की केली. शनिवारी सकाळी आधी माझी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली, मग तिची तिला परत दिली.

दुपारी मॅडमनी दोघींना बोलावलं. "सारिका, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. सृष्टीचं उतरवून चिक्कीची भाकरी केलीस म्हणजे मला कळणार नाही?"

सारिका माझ्याकडं वळली. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली. मी पेनचं टोपण काढत-लावत राहिले.

जिन्यात ती म्हणाली, "लय वाईट केलंस, सृष्टी." मी पायऱ्या उतरून गेले.

पहिला पाठ मला मिळाला. सोमवारी तो छान रंगला. हिरा नावाची मुलगी उठून म्हणाली, "पाव मोठा! चार मोठे ना!" वर्ग खो खो हसला. मी वहीतला प्रश्न विचारला, एका मुलानं पटकन उत्तर दिलं, मी पुढं गेले. शेवटी चिक्कीचे तुकडे वाटले. मुख्याध्यापक उठताना म्हणाले, "जूनमध्ये या. जागा तुमचीच समजा."

आमच्यात रीत अशी की बाकीच्या मागच्या बाकावर बसून निरीक्षणाचा कागद भरतात. मी सारिकाचा कागद आधी ओढला. तिनं माझे वाभाडे काढले असणार, अशी खात्रीच होती. काढले असते तर मला बरंही वाटलं असतं.

गुण चांगले होते. 'सुधारणा' या रकान्यात दोनच वाक्यं: 'चुकलेल्या मुलीला शेवटी पुन्हा विचारायला हवं होतं. ती तास संपेपर्यंत मान वर करत नव्हती.'

मी वर्गाकडं पाहिलं. हिरा खाली मान घालून बसली होती, चिक्कीचा तुकडा न खाता मुठीत धरून.

नोकरी मला मिळाली होती. तरी मी सारिकावर जळत होते, आधीपेक्षा जास्त. कारण ही गोष्ट तिच्या टाचणात कुठंच नव्हती. ती तिला शेवटच्या बाकावरून दिसली होती, आणि मी त्या पोरीच्या समोर उभी होते.