प्रॉसरच्या वाट्याची भिंत

टेगवेन बादली घेऊन धारेला आली, तेव्हा तिची एकुलती एक गाय चर्चच्या आवारात जुन्या, विषारी यूच्या झाडाखाली उभी होती आणि तिच्या तोंडात पाला होता.

आवाराची भिंत आमच्याकडे वाटून दिलेली. ज्याचं शेत लागून, त्यानं आपला तुकडा सांभाळायचा, म्हणजे जनावर यूपर्यंत पोचत नाही. हॉवेल प्रॉसरनं मात्र लाख वेळा सांगूनही स्वतःच्या तुकड्याला दगड लावला नव्हता. परवा तो मेला, काल रात्री पावसानं तुकडा ढासळला आणि आज त्याचं दफन होतं.

यू खाल्लेलं जनावर हलवलं किंवा दचकलं तर जागच्या जागी कोसळतं. टेगवेन नवऱ्यामागं दोन पोरं त्याच दुधावर वाढवत होती. तिनं गाईचं तोंड शालीनं बांधलं, गळ्याला मिठी मारली आणि तिथंच उभी राहिली.

फाटकात शवपेटी आली. आता घंटा वाजायची, मग गाणी. घंटा वाजवणारा ग्रिफ मनोऱ्यातून खाली आला.

"टेगवेनबाई, घंटा न्हाय वाजवली तर प्रॉसरबाई मला जित्ता सोडंल व्हय?"

"मग मी काय करू? हिला वढली तर मरंल, हितं सोडली तर आनिक खाईल."

 शवपेटीमागून हॉवेलची बायको, प्रॉसरबाई, पुढं आली, पडलेल्या भिंतीकडं बघितलं, गाईकडं बघितलं.

"मालकानं जल्मात त्या भिंतीला हात लावला न्हाय. आता तरी गुमान जाऊ दे त्यांस्नी. ग्रिफ, ऱ्हाऊ दे घंटा."

आमच्या गावात लोक मयताला येतात ते गाण्यासाठी. त्या दिवशी कुणी ओठ हलवले नाहीत. यूशेजारच्याच खड्ड्यात माती फावड्यानं न टाकता हातानं सोडली. मग सगळे प्रॉसरकडं चहाला गेले. टेगवेनचे पाय सुजले, पाऊस परत लागला, पण तिला बसताही येईना.

उजेड सरता सरता शालीखाली गाईचा जबडा हलला. ती रवंथ करत होती, म्हणजे वाचली होती. टेगवेननं तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडली.

प्रॉसरचा धाकटा भाऊ तेवढ्यात पोचला, उशिरा. अंधारात त्याला फक्त ताज्या थडग्याशी रडणारी बाई दिसली आणि त्यानं टोपी काढली.

"आमच्या हॉवेलसाठी एवढं रडणारं कुनी असंल, वाटलं नव्हतं," तो म्हणाला.