बेबाबाईची गाठ

धुळ्याहून परतताना चढावर गाडीचं बळ गेलं आणि इंजिनचा दिवा लागला. तोतारामने ती एरंडोलला हितेंद्रच्या गॅरेजात लावली. इंजिनमधली ठकठक ओळखणारा सेन्सर चांगला निघाला, म्हणून हितेंद्रने मीटर लावून त्याची वायर तपासली. हिरव्या लुगड्याच्या चिंधीखाली ती सडली होती.

"नाना, हाई चिंधी कोनी बांधी?"

"तुन्या काकूनी. वायर लोंबत होती." तोतारामची बायको बेबाबाई दिवाळीआधीच वारली होती.

"चिंधी पानी धरस. काढनी पडी."

"मंग गाठ सोड. कापू नको."

हितेंद्रने बराच वेळ नखं झिजवली. "सुटत नई, नाना. काकूनी गाठ शे!"

शेवटी तोतारामनेच कात्री घेतली.

नवी वायर जोडताच दिवा विझला. घरी जाताना गाडी चढावर सहज चढली. तोतारामला ते बरं वाटलं नाही.