रुपाच्या हाताचा जबाब

मी, सरिता, आटगावजवळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर, लिहून देते की:

१. दसऱ्याला कारखान्याला सुट्टी होती. फक्त मशीनची पूजा होती. बायका आपल्या खुशीने आल्या.

इथवर किशोर सर सांगतील तसं. ते ऑफिसचे मॅनेजर. समोर बसलेत. जबाब न्यायला उद्या सरकारी माणूस येणार आहे.

खोडलं.

१. आमच्याकडे मशीनवर काम करणाऱ्या रुपाला मी आदल्या दिवशी फोन केला. ती डोळखांबकडे पाड्यावर नाचणी कापत होती.

"ताई, मी नाय येत गो."

"खाडा लागंल."

"सणाचा पन खाडा?"

"शेठ येनार हायेत. नि ड्रेस नको, साडी नेस. कुंकू तूच लावायचं."

"मंग शेठला भाकऱ्या पन बांधून आनते," म्हणाली. हसत होती.

किशोर सरांनी वाचलं. "फोनचं कशाला? सुट्टीत झालं तर कंपनीचा संबंध येत नाही. ड्युटीवर झालं तर येतो."

२. मशीनच्या रोलरला कुंकू लावायचं म्हणून हात आत जाऊ नये यासाठीची पुढची जाळी काढली. बारकूदादा फिटर दर दसऱ्याला काढतो. देवाला जाळीवरून कुंकू लावायचं कसं? कुंकू लागलं, हार घातला, की बारकूदादा जाळी बसवतो. मग शेठ बटण दाबतात. मशीन एक फेरा फिरवून बंद करतात. अशी पद्धत आहे.

यंदा जाळी बसवायच्या आधीच शेठने बटण दाबलं. रुपा वाकलेली होती. आधी पदर आत गेला, मग हात.

"शेठने नको," किशोर सर म्हणाले. "चुकून चालू झालं, असं लिही."

"चुकून नाय झालं."

"मग कसं झालं?"

हे त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. सगळे आरती म्हणत टाळ्या वाजवत होते. रुपाला आठवत असेल तर असेल. ती अजून फारशी बोलत नाही. उजवा हात कोपराच्या वरून काढलाय.

३. मी मोबाईल धरून उभी होते. रोलर फिरतोय, पुढे रुपा ताट घेऊन, बाजूला शेठ, असा फोटो हवा होता. शेठने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दाबा शेठ, आता."

जाळी खाली पडलेली मला दिसत होती.

किशोर सर हळू म्हणाले, "सरिता, तिसरं खोड. तुझ्याच भल्याचं सांगतो."

"तिसरं खोडलं तर पहिली दोन पन खोडायला लावाल."

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. मी सही केली, कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

रुपाचा नवरा लडकू दवाखान्यात तिच्या उशाशी बसून असतो. कागद आधी त्याला दाखवायचा. त्याला वाचता येतं, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. तिसऱ्या कलमापर्यंत तो पोचेस्तोवर मला तिथं उभं राहायचंय.