हुंगण्यापुरती वाइन

साबणाच्या कारखान्यात आमच्या ह्यांना सगळे नाकोजीराव म्हणत. वडी हातातसुद्धा न घेता, दारातूनच सांगायचे, "आज लिंबाचं तेल जास्त पडलंय." त्या नाकावर आमचं घर चाललं. मग एका सर्दीत ते नाक असं बसलं, की सर्दी गेली तरी वास काही परतेना. साहेबांनी महिन्याची रजा दिली. तोवर नाक उघडलं नाही, तर गोदामात खोकी मोजायची.

"खोकी! आणि मी!" हे दोन दिवस जेवले नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज एकच वस्तू लक्ष देऊन हुंगा. नाकाला पुन्हा शिकवावं लागतं."

ह्यांनी पांढरी वाइन निवडली. दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची, स्वस्तातली. म्हणाले, "हिच्यात दहा वास असतात, एक तरी सापडेल." संध्याकाळी मी शिलाई मशीनवर झाकण घातलं, की हे पेल्यात नाक खुपसून बसत. हुंगून झालं, की पेला माझ्याकडे. टाकून कसा द्यायचा?

"नासपती?" हे विचारायचे.

"अगदी नासपती!"

मला कसली आलीय नासपती! गार, आंबटगोड, पायांचा ठणका उतरवणारी, एवढंच कळायचं. पण ह्यांचा चेहरा उजळायचा.

जाऊबाई एकदा बघून म्हणाल्या, "औषध भावजींचं आणि गाल तुझे लाल. असा आजार आमच्याकडेही धाडा!"

रजा संपत आली. त्या संध्याकाळी ह्यांनी पेला नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला.

"शी! काय दिलंस हे?"

"वाइनच. कालच्याच बाटलीतली."

"व्हिनेगर झालंय तिचं! शेगडीजवळ ठेवली होतीस ना?"

शेगडीजवळच होती, फ्रिजमध्ये जागा नव्हती. मी घोट घेऊन पाहिला. मला तर बरी लागली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो... तुम्हाला वास आला."

ह्यांनी पेला परत नाकाशी नेला. पुन्हा हुंगलं, पुन्हा तोंड वाकडं. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी.

"मग कालही ही अशीच असणार. आणि तू मान डोलावत होतीस?"

"काल तुम्ही गुलाब म्हणालात. मी गुलाब प्यायले."

हे हसत सुटले. मी पेला मोरीत रिकामा करायला उठले, तर मनगट धरलं.

"ओतू नकोस गं. काय घाण वास आहे! आण इकडे."